हळदीच्या मांडवात डेटाबेस

पुस्तकावर नाव कुणाचं असतं? लिहिणाऱ्याचं, असं तुम्ही म्हणाल. भाबडे आहात! एकदा उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये या. बाजाराच्या आतल्या गल्लीत, एका बाजूला जीन्स शिवणारे आणि दुसऱ्या बाजूला मोबाइलची कव्हरं विकणारे, त्यांच्या मध्ये प्रीतमशेठचं दुकान आहे. कॉम्प्युटरची पुस्तकं छापतो आणि विकतो. तो तुम्हाला खरं काय ते शिकवील. त्याचा हिशेब सरळ आहे. नाव त्या प्राध्यापकाचं, ज्याच्या वर्गात पोरं जास्त. सर फळ्यासमोर उभे राहून म्हणणार, "माझं पुस्तक घ्या," आणि पोरं मुकाट घेणार. लिहिणारा? लिहिणारा काय, कुणीही असतो हो.

तर ही त्या कुणीही असणाऱ्या बाईची गोष्ट आहे. अंजनी केणे तिचं नाव. माहेरची भोईर, पालेगावची. राहायला बदलापूरला, कात्रपमध्ये. अंबरनाथला कानसईत एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर तिचा कॉम्प्युटर क्लास. खाली झेरॉक्सवाला, शेजारी दाताचा डॉक्टर. जिन्यात कायम लवंगेच्या तेलाचा वास. पोरं म्हणायची, मॅडम, आपल्याकडे यायचं म्हणजे दाढ काढायला आल्यासारखं वाटतं. ती म्हणायची, मग काढून घ्या, अक्कलदाढ तरी वापरात येईल. अशी बोलायला फटकळ, पण शिकवायला बसली की तिच्यासारखी माया नाही.

बापाने भेंडी-गवार विकून तिला शिकवलं. गावातल्या पोरींची लग्नं लागत होती तेव्हा ही उल्हासनगरला जाऊन कॉम्प्युटर शिकली. त्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीला एसी असायचा आणि चपला बाहेर काढून आत जावं लागायचं. बापाला वाटायचं, पोरगी देवळात जाते. शिकून झालं, लग्न झालं, नवरा अनंता कारखान्यात कामाला लागला, आणि हिने क्लास काढला.

प्रीतमशेठशी गाठ पडली ती भांडणातून. पोरांसाठी डेटाबेसचं एक गाइड तिने त्याच्याकडून नेलं. घरी बसून त्यातली उदाहरणं कॉम्प्युटरवर घालून बघितली, तर निम्मी चालेनात. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन तिने त्याच्या पुढ्यात पुस्तक आपटलं. "शेठ, हे काय विकताय? माहिती कशी साठवायची ते सांगणारं पुस्तक, आणि त्याच्याच माहितीत खोट!" प्रीतमशेठ माणूस चलाख. रागावला नाही. चहा मागवला, म्हणाला, "तो आप लिखो ना, अदी." सिंधीत बहिणीला अदी म्हणतात. त्या दिवसापासून तो तिला अदीच म्हणायचा.

आणि तिने लिहिलं. डेटाबेसवर लिहिलं, प्रोग्रामिंगवर लिहिलं, वेबसाइटी कशा बांधायच्या त्यावर लिहिलं. क्लास सुटला की मागच्या टेबलाशी बसायची. एक ओळ लिहायची, ती चालवून बघायची, मगच पुढची. मोबदला प्रीतमशेठ वेळच्या वेळी द्यायचा, त्याबद्दल तिची कुरकुर नव्हती. पहिलं पुस्तक छापून आलं तेव्हा तिने ते घरी आणून देवापुढे ठेवलं. अनंताने उचललं, पुढून बघितलं, मागून बघितलं. कव्हरवर कल्याणकडच्या कुठल्याशा कॉलेजातल्या सरांचं नाव. "तुझं कुठाय?" त्याने विचारलं. "पुढच्यात येईल," ती म्हणाली. पुढच्यात दुसरे सर आले. त्याच्या पुढच्यात तिसरे. मग अनंताने विचारायचं सोडलं आणि तिने पुस्तकं देवापुढे ठेवायची सोडली.

वाईट वाटायचं का? वाटायचं की! कुणालाही वाटेल. बदलापूरच्या स्टेशनवर एखादं पोरगं मांडीवर तिचं पुस्तक घेऊन परीक्षेची घोकंपट्टी करताना दिसलं की तिची जीभ वळवळायची. पण सांगायचं काय? बाळा, यावर नाव ज्या सरांचं आहे ना, त्यांनी हे अजून वाचलेलंसुद्धा नाही? पोरगं बाक बदलून बसलं असतं.

सहन केलं ते इंग्रजी गाइडांपुरतं. ती तिला आपली वाटायचीच नाहीत. अभ्यासक्रम ठरलेला, प्रश्न ठरलेले, तिथे नवीन सांगण्यासारखं काय होतं? पण मग भगवान नावाचा एक मुलगा क्लासला आला. मुरबाडकडचा, हुशार, कसलंही कोडं घाला, चुटकीसरशी सोडवायचा. आणि पुस्तक उघडलं की दगड. महिनाभर झगडला आणि एक दिवस एमआयडीसीत पॅकिंगला लागला. जाताना म्हणाला, "मॅडम, डोकं आहे हो मला. पण पुस्तक माझ्याशी बोलतच नाही." हे वाक्य तिच्या जिव्हारी लागलं. असे किती भगवान त्या जिन्यावरून खाली गेले असतील!

म्हणून तिने मराठीत लिहायला घेतलं. शब्दकोशातलं मराठी नव्हे, आपण बोलतो ते. टेबलला टेबल आणि सर्व्हरला सर्व्हर. पण समजावणं आपलं. एका गावात पाच अनंता असतील तर हाक कुणाला मारायची, म्हणून प्रत्येकाला दुसऱ्या कुणाचा नसेल असा एक क्रमांक द्यायचा, इथून तिने सुरुवात केली. वेबसाइट म्हणजे काय, तर खानावळ. तुम्ही बाहेर बसून मागता, पोऱ्या आत जाऊन सांगतो, आचारी फडताळातून सामान काढून रांधतो. फडताळ म्हणजे डेटाबेस. गिऱ्हाइकाला थेट फडताळाशी जाऊ दिलंत तर काय होईल, असं म्हणून तिने सुरक्षिततेचं अख्खं प्रकरण लिहिलं. लिहिताना तिला स्वतःलाच हसू यायचं. क्लासमधल्या पोरांना वाचून दाखवायची, कुणाचं कपाळ आठ्यांनी भरलं की ते पान फाडून परत लिहायची. दोन वर्षं यात गेली.

हस्तलिखित घेऊन ती प्रीतमशेठकडे गेली तेव्हा बसण्याआधीच बोलली. "शेठ, आजवर दिलं ते दिलं. ह्याच्यावर माझं नाव पाहिजे. माझं एकटीचं. जमणार असेल तर बोला, नाहीतर मी निघाले."

प्रीतमशेठ हसला. "अदी, किती चिडते! दिलं ना. जबान दी. जयदेव सर प्रस्तावना लिहितील, बस. प्रस्तावना तरी मोठ्या माणसाची पाहिजे की नको?"

जयदेव सर म्हणजे एका इंजिनीयरिंग कॉलेजचे विभागप्रमुख. तिच्या आधीच्या दोन पुस्तकांवर त्यांचंच नाव होतं. प्रस्तावनेला तिची ना नव्हती. कागदावर काही लिहून घ्यावं असं तिच्या मनातही आलं नाही. ज्याच्या हातचा इतकी वर्षं चहा प्यायला, ज्याने इतकी वर्षं अदी म्हटलं, त्याच्याकडून काय लिहून घ्यायचं?

त्या दिवशी ती हवेत होती. माहेरी तिने आजवर पुस्तकांचं काही सांगितलं नव्हतं. सांगणार काय, दुसऱ्याच्या नावाची पुस्तकं? आता मात्र राहवलं नाही. संध्याकाळी पालेगावला गेली आणि थोरल्या भावाला, आण्णाला, सांगून टाकलं.

आण्णा म्हणजे पालेगावचा आण्णा. जिथे बापाची भेंडी-गवार होती तिथे आता बावीस मजली टॉवर उभे आहेत, आणि त्यांच्या सावलीत आण्णाचा तीनमजली बंगला. गळ्यात साखळी, दारात दोन गाड्या, आणि मन साखळीतल्या सोन्यापेक्षा चोख. बहीण घरी आली की स्वतः मासळी आणायला जाणारा. कॉम्प्युटरमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण बहिणीचं पुस्तक एवढं कळलं आणि त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"काय सांगतेस गो! पुस्तक? तुजं?" त्याने बायकोला हाक मारली. "विठा, आयकलंस का? आपली अंजू लेखिका झाली!" आणि तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. "प्रज्वलच्या हळदीला परकाशन! आपल्या मांडवात!"

प्रज्वल त्याचा मुलगा, त्याचं लग्न पुढच्या महिन्यात. अंजनीने आण्णाचा हात धरला. "आण्णा, हळदीत डेटाबेसचं प्रकाशन? अरे, लोक हसतील."

"कोन हसतंय ता बगतोच मी. दोन हजार मानूस येनार हाय. तुज्या त्या प्रीतमशेठचा नंबर दे, मी बोलतो त्याच्याशी."

दिला नंबर. न देऊन सांगते कुणाला?

आठवड्याभरात पालेगावच्या नाक्यावर फ्लेक्स लागला. दोन माळ्यांच्या उंचीचा. मधोमध अंजनीचा फोटो, कुठल्याशा लग्नात विठावहिनीने मोबाइलवर काढलेला, तोंडात घास असल्यासारखा. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे गावातल्या यच्चयावत पुढाऱ्यांची डोकी. आणि अक्षरं: ‘पालेगावची शान, सुप्रसिद्ध लेखिका सौ. अंजनीताई केणे यांच्या ग्रंथाचा भव्यदिव्य प्रकाशन सोहळा.’ कोपऱ्यात एक माऊस, शेपटीसकट. तिने कपाळावर हात मारून घेतला. अनंताला म्हणाली, कुठे तोंड लपवू मी? आणि खरं सांगू? दुसऱ्या दिवशी काही काम नसताना शेअर रिक्षात बसून ती परत त्या नाक्यावरून गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. एवढ्या मोठ्या अक्षरांत आपलं नाव आयुष्यात पहिल्यांदा बघत होती बाई. सुख झालं तिला, खोटं कशाला बोलायचं.

हळदीचा दिवस उजाडला. दिवेलागणीला मांडव नुसता पिवळाधमक. बायका पिवळ्या साड्यांत, पोरं पिवळ्या झब्ब्यांत, मागे मटणाचे टोप चढलेले, पुढे स्टेजवर डीजेवाला आपली स्पीकरची खोकी रचतोय. एका बाजूला धवलारीण म्हातारी लग्नाची जुनी गाणी म्हणत होती. हळद लागायच्या आधी प्रकाशन उरकायचं ठरलं होतं. अंजनीने आणलेली पैठणी नेसली नाही. आण्णाने घेतलेली पिवळी साडी नेसली. भाषणाचा कागद तिने चार वेळा लिहिला होता आणि चार वेळा फाडला होता. म्हटलं, आपल्या माणसांपुढे कागद कशाला?

प्रीतमशेठ आला तो पुस्तकांचं खोकं आणि जयदेव सर दोघांना घेऊन. सरांनी कोट घातला होता. हसून नमस्कार केला, म्हणाले, "मॅडम, छान झालंय हं पुस्तक." तिला वाटलं, वाचलं वाटतं सरांनी. बरं वाटलं.

स्टेजवर माजी नगरसेवक, आण्णा, जयदेव सर आणि ती. चमकत्या कागदात गुंडाळलेल्या प्रती तबकातून आल्या. नगरसेवकाने रिबन ओढली, कागद फाडला, आणि चौघांनी छातीशी एकेक प्रत धरून फोटोवाल्याकडे बघितलं. टाळ्या, शिट्ट्या, फटाके. फोटो झाल्यावर अंजनीने आपल्या हातातलं पुस्तक आपल्याकडे वळवलं.

कव्हर देखणं होतं. वर मोठ्या अक्षरांत नाव: ‘डेटाबेस आपल्या भाषेत’. हे तिनेच ठेवलं होतं. खाली लेखक: प्रा. डॉ. जयदेव, पुढे आडनाव, पुढे पदव्यांची रांग. बस्स. तिने मागची बाजू बघितली. सरांचा कोटातला फोटो. आतलं पान उघडलं. पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर नाही. तिसऱ्यावर, छापखान्याच्या पत्त्याच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत: ‘टंकलेखन साहाय्य: सौ. अंजनी केणे’.

तिच्या कानशिलात कुणी लगावल्यासारखं झालं. स्टेजच्या पायऱ्या कशा उतरली ते तिला कळलं नाही. प्रीतमशेठ खुर्चीत बसून सरबत पीत होता.

"शेठ, हे काय आहे?"

त्याने ग्लास खाली ठेवला. नजर मात्र वर आली नाही. "अदी, गुस्सा मत कर. धंदा कसा चाललाय तुला ठाऊक आहे. आता कोण पुस्तक घेतो? पोरं सगळं मोबाइलवर बघतात. सर पुस्तक कॉलेजला लावणार, अजून चार कॉलेजला लावणार, तेव्हा ते चालणार. आणि सरांना प्रमोशनसाठी मराठीतलं एक पाहिजेच होतं."

"तुम्ही मला शब्द दिला होता!"

"दिला होता ना. पण मी असंच नाही केलं, अदी. विचारून केलं. तुझ्या भावाला विचारलं. आण्णा बोलला, जरूर टाका, आमची अंजू नाही बोलणार नाही."

आण्णा मागे टोपांपाशी आचाऱ्याला ओरडत होता. अंजनी पुस्तक घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली. धुराने की कशाने, तिचे डोळे चुरचुरत होते.

"आण्णा, प्रीतमशेठने तुला विचारलं होतं? माझ्या पुस्तकावर सरांचं नाव घालू का म्हणून?"

"व्हय की!" आण्णाचा चेहरा फुललेला. "मी बोललो, घाला, मोटं घाला! अगो, येवढा डाक्टर झालेला मानूस, तुज्या पुस्तकाला आपलं नाव देतोय. आपन पत्रिकेवर नाय का घालत मोठ्या मानसांची नावं? प्रज्वलच्या पत्रिकेवर बग, कोन कोन हाय! तुजी पत नाय का वाढली?"

काय बोलावं या माणसाला? पत्रिकेवर आमदार असला, खासदार असला, तरी लग्न प्रज्वलचंच असतं. पुस्तकावरही तसंच असेल, असं त्याने धरलं. जेवढं मोठं नाव, तेवढा बहिणीचा मान. त्याच्या मनात कपट असतं तर बरं झालं असतं. निदान भांडता तरी आलं असतं.

"आण्णा," ती म्हणाली, "ही पत्रिका नाही रे. हा सातबारा आहे. ज्याचं नाव त्याचं शेत."

आता आण्णा थांबला. सातबारा त्याला कळत होता. जन्मभर त्याने दुसरं काय बघितलं होतं? हातातला झारा त्याने टोपावर ठेवला. पुस्तक घेतलं, कव्हरवरचं नाव बोटाने वाचलं. मग आतलं ते मुंगीएवढं नाव तिने दाखवलं, तेही वाचलं. आणि मग जे बोलला ते अगदी हळू आवाजात, तिला समजावल्यासारखं.

"सातबाऱ्यावरचं नाव पन तू सोडलंस ना गो. हक्कसोडावर सही केलीस. येक सबूद नाय बोललीस तवा. मना वाटलं, तुला नावाचं काय नसतं."

खरं होतं. बाप गेल्यावर तलाठ्याच्या कचेरीत जाऊन तिने सही केली होती. इथल्या सगळ्या बहिणी करतात. जमिनीत वाटा मागितला की माहेर तुटतं, हे कुणी शिकवावं लागत नाही. आण्णाने पैठणी घेतली, विठावहिनीने ओटी भरली, आणि बापाच्या भेंडी-गवारीवरून तिचं नाव गेलं. हसत केली होती सही. त्याचं दुःख होतं का? होतं, पण ते तिने स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं, तर भावाला कुठून कळणार?

"होतं, आण्णा," ती म्हणाली. "तेव्हा पण होतं." आणि तिला रडू फुटलं.

आण्णाचा चेहरा पार पडला. "मंग बोलायचंस ना!" तो कळवळून म्हणाला. पण तेवढ्यात माइकवरून पुकारा झाला: लेखिका अंजनीताई, दोन शब्द! लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. विठावहिनी धावत आली, तिला हाताला धरून स्टेजकडे ओढत म्हणाली, "अगो चल, सगले खोलंबलेत."

माइक हातात आला तेव्हा समोर दोन हजार माणसं होती. तिचं गाव. तिला कडेवर खेळवलेल्या म्हाताऱ्या, तिच्यासोबत शाळेत गेलेल्या बाया. उजव्या हाताला जयदेव सर खांद्यावर शाल आणि हातात नारळ घेऊन बसलेले. आण्णाने मघाशीच सत्कार केला होता त्यांचा. अंजनीने ठरवलं. हळद बिघडली तर बिघडली. एकदा तरी बोलायचं.

"हे पुस्तक," ती म्हणाली, आणि तिचा आवाज खोक्यांतून अख्ख्या मांडवात घुमला, "जयदेव सरांनी लिहिलेलं नाही. यातली एक ओळसुद्धा त्यांची नाही. हे मी लिहिलंय. मी, अंजनीने!"

आणि मग काय झालं म्हणता? मांडव फुटला. शिट्ट्या, आरोळ्या, टोप्या हवेत. "आरं आमची अंजूच ती!" कुणी ओरडलं. "पालेगावचं पानी हाय!" अहो, त्यांना त्यात नवीन काय होतं? नाक्यावर महिनाभर दोन माळ्यांचा फ्लेक्स तेच सांगत होता. कव्हरवर काय छापलंय ते त्या दोन हजारांत एकानेही वाचलं नव्हतं, आणि वाचणारही नव्हतं. ती आणखी काही बोलायला गेली. पण डीजेवाल्याला वाटलं, भाषण संपलं. खोकी धडाडली. पोरं नाचत स्टेजपुढे आली, आणि जयदेव सर, बघा हं, जयदेव सर उभे राहून हसत टाळ्या वाजवत होते. सगळ्यांच्या आधी उठले ते.

परतीच्या रिक्षात अनंता म्हणाला, "बोललीस ना, बरं केलंस." ती म्हणाली, "कुणाला बोलले?" पालेगावात जे तिचं पुस्तक कधी उघडणार नव्हते त्यांना ते तिचंच वाटत होतं. आणि जी पोरं ते उघडणार होती, ती त्या मांडवात नव्हती.

सोमवारी ती प्रीतमशेठकडे गेली नाही. फोन आला, उचलला नाही. वकिलाला विचारलं, तो म्हणाला, करारनामा आहे का? आण्णा येऊन गेला, दुकानात जाऊन शेठचं नरडं धरतो म्हणाला. तिने नको म्हटलं. नरडं धरून छापलेलं नाव पुसलं जातं का? तिचं लिहिणंही बंद झालं. मागच्या टेबलावर आता झेरॉक्सवाल्याचे जास्तीचे कागद असतात.

पुस्तक मात्र चाललं. धोधो चाललं. प्रीतमशेठचा हिशेब कधी चुकत नाही.

पावसाळा संपता संपता नेत्रा नावाची एक मुलगी क्लासची चौकशी करायला आली. वांगणीची. पायांत शाळेतले बूट, पाठीला पिशवी. खुर्चीच्या कडेवर बसली, आणि पिशवीतून तेच पुस्तक काढलं. पानोपानी दुमडलेलं, पेन्सिलीने खुणा केलेलं, पाठीला चिकटपट्टी लावलेली. एवढं वापरलेलं आपलं पुस्तक अंजनीने पहिल्यांदाच बघितलं.

"मॅडम, कॉलेजमध्ये मला काहीच कळायचं नाही," नेत्रा सांगू लागली. "मी सोडूनच देणार होते. आई म्हणाली, कंपनीत लाग. मग हे मिळालं. दोन रात्रींत वाचून काढलं, मॅडम. असं वाटलं, कुणीतरी समोर बसून माझ्याशी बोलतंय."

"आवडलं तुला?" अंजनीच्या तोंडून कसंबसं निघालं.

"आवडलं काय! मी तर यात रोज काहीतरी लिहून ठेवते. एकच शंका आहे, नवव्या प्रकरणात."

"विचार ना. मी सांगते."

मुलगी जरा घुटमळली. "नको मॅडम. ज्यांनी लिहिलंय त्यांनाच विचारायचंय."

"नेत्रा," अंजनी म्हणाली, "हे मी लिहिलंय."

नेत्राने तिच्याकडे बघितलं. मग पुस्तक उघडलं, पानं उलटली, तिसऱ्या पानावर आली आणि तिचा चेहरा उजळला. "अय्या, हो की! आहे तुमचं नाव. टंकलेखन." ती मनापासून हसली. खोडी नव्हती तिच्या हसण्यात, टवाळी नव्हती. "म्हणजे तुमची सरांशी ओळख असणार. मॅडम, प्लीज, त्यांचा नंबर द्याल? मला त्यांना एकदा थँक्यू पण म्हणायचंय."

शेजारी दाताच्या डॉक्टरचं मशीन सुरू झालं. अंजनीने मोबाइल काढला आणि जयदेव सरांचा नंबर तिला सावकाश, एकेक आकडा, सांगितला.